नित्य आणि लीला

आमच्या विवाहाला येत्या मार्गशीर्षात चोवीस वर्षे पूर्ण होतील. त्यांपैकी तेवीस वर्षे आम्ही उभयता रोज सकाळी एकाच गाडीने प्रवास करीत आलो आहोत, आणि सणासुदीचे व लग्नकार्याचे मोजके दिवस वगळले तर त्या गाडीत आम्ही एकमेकांच्या शेजारी कधी बसलेलो नाही. डोंबिवलीच्या पुलाचा जिना उतरला की पत्नी मधल्या लेडीज डब्याच्या जागेकडे वळते आणि मी त्याच्या लगतच्या सर्वसाधारण डब्याच्या जागेकडे. तिची बँक घाटकोपरला, माझी कचेरी गाडी जेथे संपते त्याच्या पलीकडे, फोर्टात. घाटकोपरला गाडी अर्धे मिनिट थांबते. त्या अर्ध्या मिनिटात मी दाराशी उभा असलो आणि मधल्या माणसांच्या खांद्यांनी वाट दिली, तर ती मला दिसते. जिन्याच्या अलीकडच्या खांबाशी ती थांबते, डाव्या खांद्यावरची पर्स उजव्या खांद्यावर घेते, जेवणाच्या डब्याची पिशवी हातात नीट धरते, आणि तेवढ्यात गाडी हलते. पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेणे ही मला दिसावी म्हणून केलेली खूण आहे, असे मी फार पूर्वी मनाशी ठरविले होते, आणि त्या समजुतीच्या आधारावर इतकी वर्षे निश्चिंतपणे पुढे जात होतो.

गेल्या आश्विनातल्या एका रविवारी आम्ही मोटार काढून बाहेर पडलो आणि त्या समजुतीचा निकाल लागला. परंतु त्या निकालाकडे येण्यापूर्वी त्या दिवशीच्या वाटेवर जो प्रश्न मला भेटला तो मांडला पाहिजे, कारण रोज सकाळी घर सोडणाऱ्या प्रत्येक गृहस्थाचा तो प्रश्न आहे. आपले रोजचे जाणे सहेतुक असते आणि सुट्टीतले जाणे निर्हेतुक असते, असे आपण मानतो. आणि त्यावरून पुढचे अनुमान असे काढतो की रोजचे जाणे ही किंमत आहे आणि सुट्टीचा दिवस हा त्या किमतीत विकत घेतलेला माल आहे. हा हिशेब खरा असेल, तर आयुष्याचा फार मोठा भाग केवळ मोबदला म्हणून मोजून दिलेला ठरतो, आणि ज्याला जगणे म्हणावे असा भाग वर्षाकाठी थोड्या दिवसांचा उरतो. मनुष्यजन्माची अशी वाटणी धर्माला मान्य होईल काय, आणि मान्य नसेल तर त्याने दुसरी कोणती वाटणी सांगितली आहे?

आपल्या पूर्वमीमांसकांनी कर्माचे जे भेद केले, त्यांत या प्रश्नाचे एक उत्तर दडलेले आहे, असे मला पुष्कळ दिवसांपासून वाटत आले आहे. काम्य कर्म ते, जे एखादे फळ हवे म्हणून करावयाचे. नैमित्तिक ते, जे ग्रहण, पुत्रजन्म अशा निमित्ताने करावयाचे. आणि नित्य ते, जे संध्येसारखे, अग्निहोत्रासारखे, रोज करावयाचे, केल्याने काही मिळते म्हणून नव्हे, तर न केल्याने प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो म्हणून. या नित्यकर्माला फळ आहे की नाही, यावर त्या शास्त्रात मोठा वाद झाला. प्रभाकराच्या अनुयायांनी असे प्रतिपादन केले की विधी आहे म्हणून कर्म करावयाचे, त्याहून निराळे प्रयोजन शोधू नये. कुमारिलाच्या अनुयायांना हे मानवले नाही. प्रयोजनावाचून मनुष्याची प्रवृत्तीच होत नाही, म्हणून पापक्षय का होईना, पण काहीतरी फळ नित्यकर्मालाही मानले पाहिजे, असा त्यांचा आग्रह. वेदान्त्यांनी पुढे नित्यकर्माचे फळ चित्तशुद्धी असे सांगितले. मला या वादात एक फार मानवी गोष्ट दिसते. जे आपण रोज करतो, ज्याचे कौतुक कोणी करीत नाही, आणि जे एक दिवस चुकले तर मात्र साऱ्या दिवसाची घडी विसकटते, त्याचे मोल कोणत्या मापाने करावे, याची ती चर्चा आहे.

रोजचा आगगाडीचा प्रवास हे नित्यकर्म आहे, असे मी म्हणतो तेव्हा त्यावर पहिला आक्षेप असा येईल की तो पगारासाठी आहे, म्हणून तो उघड उघड काम्य आहे. परंतु पगार हे कचेरीतल्या कामाचे फळ आहे, प्रवासाचे नव्हे. मस्टरवर सही होते ती दहा वाजता टेबलाशी रुजू झाल्याची. सातपासून नऊपर्यंत अंगावर झेललेल्या गर्दीची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. डोंबिवलीपासून अखेरच्या स्थानकापर्यंत ४८ किलोमीटर, आणि तितकेच परत. वर्षाचे अडीचशे दिवस धरले तर माझे वर्षाला २४,००० किलोमीटर होतात, आणि तेवीस वर्षांत साडेपाच लाख. म्हणजे पृथ्वीला तेराहून अधिक प्रदक्षिणा. इतके चालून मी पोहोचलो कोठे, तर जेथून निघालो त्याच डोंबिवलीच्या जिन्याशी. पण प्रदक्षिणेचा स्वभावच असा आहे. देवळाभोवती फेरी घालणारा मनुष्यही जेथून निघाला तेथेच परत येतो, आणि त्याला कोणी विचारीत नाही की तू किती पुढे गेलास.

या नित्यकर्माला आपल्या लोकांनी स्वतःच धर्माचे रूप दिले आहे, त्यासाठी त्यांना कोणाच्या सनदेची गरज पडली नाही. आमच्या डब्यात कल्याणच्या बाजूने येणारे एक भजनी मंडळ आहे. मोठे टाळ वाजवायला जागा नसते, म्हणून ते लहान झांजा आणतात, आणि जो खिडकीशी बसला असेल त्याने दिवा स्थानक आल्यावर उठून उभ्या असलेल्याला जागा द्यावी, हा त्यांचा शिरस्ता कोणी लिहून ठेवलेला नसतानाही मोडत नाही. दसऱ्याच्या आदल्या कामाच्या दिवशी झेंडूच्या माळा दारांच्या दांड्यांना आणि पंख्यांच्या जाळ्यांना बांधल्या जातात, डब्याची पूजा होते आणि पेढे वाटले जातात. शेतकरी औताची पूजा करतो, सुतार वाकसाची करतो, त्याच भावनेने ही माणसे लोखंडी डब्याला कुंकू लावतात. जे आपल्याला रोज वाहून नेते त्याच्याशी आपला काही ऋणानुबंध आहे, ही जाणीव त्या कुंकवात आहे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्या म्हणण्याचा भलताच अर्थ होईल. गर्दी ही पुण्यकारक आहे, असे मला म्हणावयाचे नाही. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर अलीकडच्या वर्षांतही दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे प्राणांस मुकली आहेत; कोणी रूळ ओलांडताना, कोणी दारातून पडून. ज्या घरातले मनुष्य सकाळी गेले ते संध्याकाळी परतले नाही, त्या घराला नित्यकर्माचे तत्त्वज्ञान ऐकवणे हा अधर्म होईल. पुरेशा गाड्या, पुरेशी दारे आणि सुरक्षित फलाट मागणे हा नागरिकाचा हक्क आहे, आणि तो तगादा अखंड चालूच राहिला पाहिजे. मी बोलतो आहे ते त्या हालांविषयी नव्हे. ते हाल उद्या नाहीसे झाले तरी जे उरेल, म्हणजे रोज एका ठराविक वेळी घर सोडणे, एका ठराविक ठिकाणी वेगळे होणे आणि संध्याकाळी परत एकत्र येणे, त्या क्रियेविषयी मी बोलतो आहे.

न केल्याने लागणारा प्रत्यवाय म्हणजे काय, हे मला सहा वर्षांपूर्वी कळले. पत्नीला टायफॉइड झाला आणि ती तीन आठवडे अंथरुणावर होती. तिची व्यवस्था लावून, शेजारच्या काकूंना सांगून, मी एकटाच गाडीला जात असे. गाडी तीच, डबा तोच, माणसे तीच. जिना उतरल्यावर वेगळे व्हायला कोणी नव्हते, एवढाच फरक. आम्ही तसेही त्या प्रवासात एकमेकांशी एक शब्द बोलत नसू, मग उणे काय झाले, असे मी स्वतःला विचारीत असे. घाटकोपर आले की माझी नजर सवयीने खांबाकडे जाई, खांब मोकळा दिसे, आणि पुढे कुर्ला, शीव, दादर ही स्थानके मला नुसती स्थानके वाटत. ज्याच्या असण्याने काही मिळते असे कधी वाटले नव्हते, त्याच्या नसण्याने सकाळच पोकळ झाली होती.

हा झाला नित्याचा भाग. आता त्या रविवाराकडे येतो.

आपल्या पूर्वजांनी आयुष्य मोजण्यासाठी शरदाचे माप वापरले. वधूवरांना आशीर्वाद द्यायचा तो शंभर शरद जगण्याचा, पाहण्याचा. आज आपण ज्याला वर्ष म्हणतो तो शब्द पावसाचा आहे. पण दीर्घायुष्य मागताना ऋषींनी पाऊस सरल्यानंतरचे निवळलेले आकाश मोजले. त्याचे कारण मला वाटते असे, की शरद हा पुन्हा निघण्याचा ऋतू आहे. पावसाळ्यात नद्या अडवतात, वाटा बुडतात, मनुष्य एका जागी बांधला जातो. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास आश्विन पौर्णिमेला संपतो आणि ते पुन्हा चारिकेला निघतात. विजयादशमीला आपण सीमोल्लंघन करतो, गावाची शीव प्रत्यक्ष ओलांडून पलीकडच्या शमीपर्यंत किंवा आपट्यापर्यंत जातो आणि पाने घेऊन परत येतो. त्या सीमोल्लंघनाने हल्ली कोणता मुलूख जिंकला जातो? काहीच नाही. तरी ते करावयाचे असते.

त्या सकाळी पत्नी म्हणाली, "अहो, आज कुठे पोचायचं नाही. नुसतं जाऊ या." चहा घेऊन आम्ही सहाला निघालो. कल्याण ओलांडून मुरबाडच्या रस्त्याला लागलो तेव्हा दोन्ही बाजूंच्या खाचरांतले भात पिवळे पडू लागले होते आणि त्याच्यावर धुक्याचा पातळ थर होता. टोकावड्याच्या पुढे सह्याद्रीची भिंत समोर उभी राहिली. माळशेज घाटात आषाढ-श्रावणात जे धबधबे मोटारीच्या टपावर कोसळतात, त्यांच्या आता कातळावर नुसत्या ओल्या रेघा उरल्या होत्या, आणि कड्यांच्या माथ्यावर सोनकी फुलली होती. घाट चढून आम्ही मढला आलो, गणेशखिंडीने जुन्नरच्या अंगाला उतरलो, आणि आपटाळ्यावरून, माणिकडोह धरणाचे पाणी बाजूला ठेवीत, चावंडच्या पायथ्याने घाटघरकडे वळलो. मोटारीत ती माझ्या शेजारी बसली होती. ही साधी गोष्ट मला मुरबाडच्या पुढे गेल्यावर एकाएकी जाणवली, आणि जाणवल्यावर क्षणभर संकोच वाटला, जणू आम्ही नव्यानेच एकत्र प्रवासाला निघालो होतो.

घाटघरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एका खाचराच्या बांधावर भाताची राखण करीत एक आजी बसल्या होत्या. त्यांच्यापाशी गावठी काकड्यांची लहानशी रास होती. आम्ही उतरून दोन काकड्या घेतल्या. आजींनी विचारले, "कुठलं पाव्हणं? काय काम काढलंत इकडं?" पत्नी म्हणाली, "काम काही नाही, आजी. सहज आलो." आजींनी तिच्याकडे निरखून पाहिले आणि म्हणाल्या, "एवढ्या लांबनं कुनी सहज येतं व्हय, बाई?" त्यांच्या स्वरात टोचणी नव्हती. ज्यांना खाचराच्या बांधावरून उठायचे तर काहीतरी काम लागते, त्यांना ते खरोखरच कळेना. आणि खरे सांगायचे तर ते मलाही सांगता येईना. सहज या शब्दाचा आपण किती सैलपणे उपयोग करतो! नाथपंथीयांनी आणि संतांनी सहजस्थिती ही साधनेची परमावधी मानली. आणि शब्दाचा मूळ अर्थ पाहावा तर जे सह जन्मले ते, जे सोबतच आले ते. विनाकारण आणि सोबत, हे दोन अर्थ एका शब्दात कसे राहिले असतील, याचा विचार करीत मी पुढचा रस्ता कापला.

नाणेघाटाच्या माथ्यावर, जेथे देश संपतो आणि कोकण खाली दिसू लागते, तेथे वाटेच्या कडेला दगडाचा एक मोठा रांजण आहे. घाट चढून येणारे व्यापारी त्यात जकात टाकीत, असे लोक सांगतात. सातवाहनांच्या काळी कल्याण आणि सोपारा या बंदरांतून जुन्नरकडे जाणारा माल याच वाटेने वर येई. ज्या कल्याणच्या परिसरातून आम्ही रोज दक्षिणेला जातो, त्याच कल्याणहून ती माणसे रोज पूर्वेला चढत असली पाहिजेत, बैलांच्या पाठीवर गोण्या, मनात जकातीचा हिशेब. कल्याणला लोहमार्ग आला तो १८५४ साली. त्याच्या किती शतके आधी ही जा-ये चालू होती! तो रांजण म्हणजे सहेतुक प्रवासाचे स्मारक आहे, असे मी पत्नीला म्हणालो.

रांजणाच्या खालच्या अंगाला कातळात कोरलेले लेणे आहे. त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य आणि लोकपाल यांना वंदन, आणि पुढे राजा सातकर्णी व राणी यांनी केलेल्या यज्ञांची यादी: अश्वमेध, राजसूय आणि आणखी कितीतरी. प्रत्येकाच्या दक्षिणेचा तपशील आहे: गाई, घोडे, हत्ती, गावे, कार्षापणे. भारतात सापडलेल्या प्राचीनतम अंकचिन्हांपैकी काही या लेखात आहेत, म्हणजे हिशेबासाठीही विद्वान त्याच्याकडे येतात. मागच्या भिंतीवर राजकुलातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. त्या आता नाहीत. कोठे कोठे पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या आहेत. पण मूर्तींच्या वर कोरलेली बहुतेक नावे शाबूत आहेत, आणि त्यांत इतर प्रत्येकाचे नाव स्वतंत्र असले तरी देवी नागनिका आणि राजा सातकर्णी या दोघांचे नाव एकाच लेखात, एकापुढे एक, कोरलेले आहे. जैमिनींच्या मीमांसासूत्रांत, सहाव्या अध्यायात, यज्ञाचा अधिकार पतीचा, पत्नीचा की उभयतांचा, असा विचार आला आहे, आणि निर्णय असा की तो दंपतीचा सहाधिकार आहे. एकट्याने केलेले कर्म अपुरे. त्या कोऱ्या कातळावरची ती जोडनावे पाहताना तो निर्णय मला दगडात वाचायला मिळाला.

आम्ही बाहेर येऊन कड्याच्या अलीकडे एका खडकावर बसलो. जीवधन किल्ल्याची सावली मागे होती, खाली कोकणातली भातखाचरे उन्हात चकाकत होती. आजींचा प्रश्न माझ्या मनातून गेला नव्हता. बादरायणांच्या ब्रह्मसूत्रांत, दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात, जगाच्या उत्पत्तीविषयी नेमका हाच आक्षेप घेतला आहे: प्रवृत्ती सप्रयोजन असते, आणि परिपूर्ण ब्रह्माला तर काहीच मिळवायचे नाही, मग त्याने जग निर्माण करण्याचा व्याप का केला? उत्तर असे की ही केवळ लीला आहे. त्यावर भाष्य करताना शंकराचार्यांनी दोन दृष्टांत दिले. एक, सर्व कामना पूर्ण झालेल्या राजाचा, जो काही मिळवायचे नसताना क्रीडावनात विहार करतो. दुसरा, श्वासोच्छ्वासाचा, जो बाहेरच्या कोणत्याही प्रयोजनावाचून स्वभावतःच चालतो. पहिला दृष्टांत आमच्यासारख्यांना लागू पडणार नाही, हे मला तेथे बसल्याबसल्या कळत होते. आम्ही आप्तकाम नव्हतो. सोमवारची गाडी आमच्या रविवारच्या उशाशी उभी होती. ज्याच्या कामना पुऱ्या झाल्या त्याचीच क्रीडा खरी असेल, तर नोकरदार माणसाच्या नशिबी लीला नाही. आणि दुसरा दृष्टांत मला कळत नव्हता. श्वास तर क्षणोक्षणी, जन्मभर, चुकू न देता घ्यावा लागतो. इतके नित्याचे, इतके पुनरुक्त असलेले कर्म लीलेचा दृष्टांत म्हणून आचार्यांना का सुचावे?

त्या विचारात असतानाच, बोलायला विषय हवा म्हणून नव्हे, पण शांतता मोकळी होती म्हणून, मी विचारले, "अगं, घाटकोपरला उतरल्यावर तू पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतेस, ती मला दिसावी म्हणूनच ना?"

तिला आधी मी कशाविषयी बोलतो आहे तेच कळेना. मग ती म्हणाली, "ती पर्स होय! जिन्यावर डाव्या अंगाला माणसं घासत उतरतात. एकदा बंद तुटला होता, तेव्हापासून घेते उजवीकडे. तुम्ही कुठल्या दारात असता, ते मला त्या गर्दीत कुठं दिसतंय?"

तेवीस वर्षांची माझी खूण अशी एका वाक्यात गेली. मी काही बोललो नाही. काकडीचा तुकडा माझ्यापुढे करीत थोड्या वेळाने तीच म्हणाली, "पण तुमची गाडी पुरती बाहेर पडेपर्यंत मी जिना चढत नाही. शेवटचा डबा गेला की मग निघते."

"ते कशाला?"

"कशाला म्हणजे? असंच. पहिल्या दिवसापासून."

"मला कधी बोलली नाहीस."

"त्यात बोलायचं काय?"

मीमांसकांनी कर्म आणि फळ यांच्यामध्ये एक न दिसणारी शक्ती मानली आणि तिला अपूर्व म्हटले, अदृष्ट म्हटले. यज्ञ आज होतो, फळ फार पुढे मिळते. मधल्या काळात ते कर्म कोठे जाते, या प्रश्नाचे ते उत्तर. मी आजवर हे एक तर्काच्या सोयीचे कलम मानीत होतो. त्या खडकावर मला त्याचा अर्थ कळला. जी खूण मला दिसत होती ती माझ्यासाठी नव्हती. आणि जे माझ्यासाठी होते ते मला कधी दिसणेच शक्य नव्हते, कारण ते सुरू होताना माझी गाडी मला पुढे घेऊन जात असे. तिलाही मी दिसत नसे. पाहणारा नाही, दाखवणारा नाही, सांगणे नाही, ऐकणे नाही. कर्माला चिकटू शकेल असे फळाचे एकही टोक नाही. प्रभाकराला नित्यकर्माचा याहून निर्मळ दाखला मिळाला नसता. पण कुमारिलाचा आग्रहही मला त्याच जागी खरा वाटला. फळ नव्हते कसे? आम्ही दोघे त्या कड्याशी तासभर जवळजवळ न बोलता बसू शकलो, आणि त्या न बोलण्यात कोणाला काही उणे वाटले नाही. ती शांतता एका रविवारात कमावलेली नव्हती. फलाटावरच्या अर्ध्या अर्ध्या मिनिटांनी, तेवीस वर्षांत, ती अदृष्टपणे साठवली होती.

आणि श्वासाचा दृष्टांत उलगडला तो तेथेच. नित्य आणि लीला या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एकीचे मोल देऊन दुसरी घ्यायची असते, या समजुतीपायी तो मला कळत नव्हता. "असंच" या एका शब्दात पत्नीने जे सांगितले ते दोन्ही होते. रोज केले म्हणून ते नित्य. कशासाठीही केले नाही म्हणून ती लीला. राजाची क्रीडा कामना पुऱ्या झाल्यावर सुरू होते, श्वासाची क्रीडा कशाचीही वाट पाहत नाही. म्हणूनच नोकरदाराला, शेतकऱ्याला, भाताची राखण करणाऱ्या आजींना आचार्यांचा दुसरा दृष्टांत अधिक जवळचा आहे. सप्तपदीत वधूवर सात पावले बरोबर चालतात आणि सातव्या पावलाला सख्य जोडले जाते. ती पावले कोठे पोहोचण्यासाठी नसतात. होमाच्या शेजारी चालून कोणता मुक्काम गाठायचा? तरी त्यांच्यावाचून विवाह पुरा होत नाही. आमच्या सप्तपदीची पुढची पावले घाटकोपरच्या फलाटावर पडत राहिली होती, आणि माझा त्यांच्याकडे हिशेबी दृष्टीने पाहण्याचा शिरस्ता तेवढा चुकीचा होता.

मग सुट्टीतल्या त्या भटकंतीला काही मोल नाही काय? आहे, आणि ते मोठे आहे. नित्यकर्म करणाऱ्याला स्वतःचे कर्म दिसत नाही; ते दिसण्यासाठी शीव ओलांडून पलीकडे जावे लागते. नित्यावाचून नुसती सैर ही पळवाट होईल, आणि सैर कधीच न केली तर नित्याची वेठबिगार होईल. सीमोल्लंघनानंतर आपट्याची पाने घेऊन घरीच परतायचे असते, याचा मला हा अर्थ दिसतो.

उन्हे कलली तेव्हा आम्ही त्याच रस्त्याने परत निघालो. आजी अजून बांधावर होत्या. मोटार ओळखून त्यांनी हात वर केला, म्हणून थांबलो. "झालं का काम, बाई?" त्यांनी विचारले. मी उत्तर शोधीत होतो, पत्नी म्हणाली, "झालं, आजी." आजींनी समाधानाने मान हलवली आणि आणखी एक काकडी खिडकीतून आत दिली; पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. जिना उतरून ती डावीकडे गेली, मी उजवीकडे. दिव्याला खिडकीशी बसलेल्या गृहस्थांनी उठून मला जागा देऊ केली. मी त्यांना नको म्हटले आणि दाराशीच राहिलो. घाटकोपरला ती उतरली, खांबाशी थांबली, पर्स उजव्या खांद्यावर घेतली, आणि गाडी हलली. माझ्या मागून एकेक डबा तिच्यासमोरून जात असणार, हे मी मनात मोजले. शेवटचा डबा फलाट सोडून बाहेर पडला असेल तेव्हा मी आत वळलो, आणि झांजा सुरू झाल्या.